मोजणीबाहेरच्या वस्तू

जमीन मोजणे हा माझा व्यवसाय होता आणि तऱ्हेवाईक वस्तू शोधून त्यांच्यात रमणे हा छंद. भूमिअभिलेख खात्यातील निमतानदार ज्या बांधांवरून हिंडतो तेथे प्रवासी जात नाहीत, विद्वान क्वचित जातात, आणि पुढाऱ्यांचे जाणे निवडणुकीच्या हंगामापुरते असते. त्यामुळे गावकुसाबाहेर पडलेला कोरीव दगड, अर्धा बुजलेला दरवाजा, भिंतीत विनाकारण निघालेला जिना असल्या गोष्टी प्रथम त्याच्याच दृष्टीस पडतात. त्या पाहून त्याने काय करावे याविषयी खात्याचे कोणतेही परिपत्रक नाही. नमुन्याच्या शेवटी ‘शेरा’ नावाचा एक अरुंद रकाना असतो खरा, पण त्यात ‘विहीर आहे’, ‘झाड आहे’, ‘अतिक्रमण आहे’ यापलीकडे काही लिहिण्याची रीत नाही. माझ्या छंदाचा आरंभ त्या रकान्याच्या अपुरेपणातून झाला. जे त्यात मावेना ते मी एका वेगळ्या वहीत लिहू लागलो, आणि सेवानिवृत्तीच्या वेळी सरकारी दप्तर खाली ठेवताना जेवढे वाईट वाटले त्याहून अधिक समाधान त्या वह्यांची चळत घरी पाहून वाटले.

आमचा निलंगा तालुका निजामाच्या अमदानीत बिदर जिल्ह्यात होता. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत तो तोडून उस्मानाबादेला जोडला गेला, आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा निराळा झाला तेव्हा लातूरच्या हद्दीत आला. माणसे होती तेथेच राहिली, कचेऱ्या मात्र फिरल्या. मी नोकरीस लागलो त्या काळी जुन्या मिसलांत उर्दू कागद विपुल होते, आणि ते वाचू शकणारे एक वडीलधारे सहकारी माझ्या सुदैवाने अजून निवृत्त झालेले नव्हते. त्यांनी मला साखळी धरायला शिकवली, तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा हे पाढ्यासारखे घोकून घेतले, आणि त्याहून महत्त्वाची एक सवय लावली. काही विलक्षण दिसले की मी तोंडाचा चंबू करून उभा राहत असे, ते म्हणत, “आधी माप घ्या, मग नवल करा.” त्या वेळी हा मला रसिकतेचा द्रोह वाटला होता. पुढे ध्यानात आले की माप घेण्यासाठी वस्तूपाशी जावे लागते, तिच्याभोवती फिरावे लागते, गुडघे टेकावे लागतात, आणि एवढे केल्यावर जे नवल शिल्लक उरते तेच टिकाऊ असते.

तेरणाकाठच्या एका गावी दोन चुलतभावांचा बांधाचा तंटा होता. वादी म्हणे, बांधावरचा शेंदूर फासलेला दगड ही आमच्या आजोबांची हद्द. प्रतिवादी म्हणे, दगड हद्दीचाच, परंतु दर पेरणीला तो इकडे वीतभर सरकतो, देव आहे म्हणून चालतो की काय ते ठाऊक नाही. पंच हसले, वादी संतापला. मी नकाशा लावून मोजणी केली, निशाण्या रोवल्या, आणि कबुलीजबाबांवर अंगठे होईपर्यंतच्या अवकाशात त्या दगडाची पाठ खरवडून पाहिली. ज्या बाजूला शेंदराचा थर होता ती कोरी होती. कोरीव बाजू मातीकडे होती. गावकऱ्यांची परवानगी घेऊन चौघांनी दगड आडवा केला तेव्हा एकावर एक असे चौकोनी पट दिसले: तळाच्या पटात गाईंची रांग आणि आडवा पडलेला पुरुष, त्यावर ढाल-तलवारीचे युद्ध, त्याच्यावर दोन अप्सरांच्या मध्ये वर चाललेला तोच पुरुष, आणि शिरोभागी शिवलिंगासमोर हात जोडलेली त्याची मूर्ती, कडेला चंद्र-सूर्य. ही वीरगळ होती. गाईंचे खिल्लार पळवून नेणाऱ्यांशी लढताना पडलेल्या कोणा गावरक्षकाची ती स्मृती. चंद्र-सूर्य असेतोवर त्याचे नाव राहावे म्हणून ते कोरले, आणि कोरलेले नाव मात्र कोठेच नव्हते.

वीरगळी महाराष्ट्रात शेकड्यांनी आहेत, तेव्हा दगडात अपूर्व असे काही नव्हते. विलक्षण होते ते त्याचे चरित्र. पराक्रमाचे स्मारक म्हणून उभा राहिलेला दगड कधी तरी पडला, कोणी तरी तो उपयुक्त म्हणून उचलला, हद्दीवर उलटा रोवला, शेंदूर लागून त्याचा म्हसोबा झाला, आणि ज्याने परक्यांपासून गावाची गुरे राखली तो भाऊबंदांपासून चार काकऱ्या राखण्याच्या कामी लागला. तो मूळचा कोठला हे सांगू शकणारा एकही इसम त्या गावात निघाला नाही. पुढे माझ्या वहीत अशा वीरगळींची आणि सतीशिळांची नोंद वाढत गेली. कोपरातून वर उठलेला, बांगड्या ल्यालेला एकच हात कोरलेली सतीशिळा एका ओढ्यावर धुणे धुण्याच्या कामी लावलेली पाहिली तेव्हा मी फार वेळ तेथे उभा राहिलो. धुणे धुणाऱ्या आजींनी विचारले, “काय बघायलाव, बाबा? दगूड हाय तो.” मी म्हटले, “हात कोणाचा आहे, आजी?” त्या म्हणाल्या, “आसंल कुण्या लेकुरवाळीचा.” सतीशिळेच्या संकेताविषयी पुढे मी जे जे वाचले त्याने माझ्या माहितीत भर पडली, परंतु त्या उत्तराची बरोबरी त्यातील एकाही वाक्याने केली नाही.

मोजणीचे काम कडू असते हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. रेषा ओढली की तिच्या दोहोंपैकी एका बाजूचा मनुष्य तोंड फिरवतो. कित्येकदा दोन्ही बाजूंचे फिरवतात. वर्षानुवर्षे हे सोसून जे सहकारी खडूस झाले त्यांना मी दोष देत नाही. मला या छंदाने तारले. वाटणीच्या कामासाठी मी ज्या वाड्यात शिरत असे तेथे भांडण तर असेच, परंतु ढाळजेत बसल्या बसल्या तुळईखालचा नक्षीदार घोडा, देवळीची महिरप, बळदाचे गुप्त तोंड यांवरून नजर फिरली की मन थोडे थंड होई. आणि गंमत अशी की वास्तुकलेतील सर्वांत तऱ्हेवाईक नमुने मला पुढे वाटणीतूनच मिळाले.

एका वाड्याच्या मधल्या सोप्यात सागवानी खांबांची दुहेरी रांग होती. आठ पाकळ्यांची बैठक, वर केळफुलाची घडण, त्यावर दोन्ही अंगांनी पसरलेले हस्त. काम अव्वल दर्जाचे. दोघा भावांत वाडा निम्मा निम्मा करण्याचा हुकूम झाला, आणि मी फीत धरली तेव्हा मध्यरेषा नेमकी एका खांबाच्या उदरातून गेली. खांब इकडचा की तिकडचा यावर सबंध दुपार गेली. रेषा हलवावी तर चौरस फुटांत फरक पडतो. खांब काढावा तर माळवद खाली येते. शेवटी थोरल्याने तोडगा काढला की खांब दोघांचा, आणि भिंत त्याला दोन्ही बाजूंनी येऊन भिडावी. गवंड्याने तसेच केले. आजही त्या खांबाच्या चार पाकळ्या एका घरात आहेत व चार दुसऱ्या घरात; एका घरात तो तेल पाजून काळाभोर ठेवलेला आहे, दुसऱ्यात त्याला पिस्ताई रंगाचा ऑइल पेंट लावला आहे. पुढील शतकातील एखादा कलाभ्यासक हा द्विवर्णी स्तंभ पाहून त्यावर शिवशक्तीच्या ऐक्याचे तत्त्वज्ञान चढवील अशी मला धास्ती वाटते, म्हणून हा मजकूर येथे नमूद करून ठेवतो.

कोठेही न जाणारे जिनेही मी पुष्कळ पाहिले, आणि बहुतेकांच्या मुळाशी हेच होते: वरचा मजला एकाच्या वाट्याला गेला, जिना दुसऱ्याच्या, वरच्याने आपले लाकूड विकून टाकले, खालच्याने जिना पाडण्याची तसदी घेतली नाही. विचित्र वास्तूपुढे उभे राहिलो की मी शिल्पशास्त्राअगोदर वारसनोंद पाहू लागलो. विद्वानांना ही रीत ग्राम्य वाटेल. मला तिने क्वचितच फसवले.

याच्या उलट एक उदाहरण आनंदाचे आहे. एका सावकारी घराच्या दरवाजाच्या गणेशपट्टीवर चुन्यात तीन सन उठवलेले होते: शके १८५२, फसली १३४०, इसवी १९३१. मालकांच्या चिरंजिवांची समजूत अशी की कारागिराला नक्की साल ठाऊक नव्हते म्हणून त्याने तिन्ही घातली. वस्तुतः गोष्ट अगदी उलट होती. निजामाच्या राज्यात महसूल फसली सनाने चाले आणि ते वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू होई, शके पाडव्याला बदलतो, इसवी जानेवारीत. शके १८५२ हा १९३०च्या पाडव्याला लागून १९३१च्या पाडव्याला संपला, फसली १३४० हे १९३०च्या ऑक्टोबरपासून १९३१च्या ऑक्टोबरपर्यंत होते, आणि १९३१ जानेवारीत लागले. तिन्ही एकत्र खरी ठरतात ती केवळ १ जानेवारी ते पाडवा या अवधीत. म्हणजे तीन वेगवेगळ्या सत्तांची तीन कालगणिते एका पट्टीवर बसवून त्या गृहस्थाने आपल्या दरवाजाचा काळ अडीच-तीन महिन्यांच्या आत नेमका करून ठेवला होता! मला प्रस्तरलेखांची विद्या येत नाही, पण त्या संध्याकाळी मी स्वतःला लेखतज्ज्ञ मिराशींची लहानशी आवृत्ती समजून घेतले आणि बसस्थानकावर निलंगा राईसची एक प्लेट अधिक मागवली.

निलंग्यात राहणाऱ्याला कलेचे पहिले दर्शन नीलकंठेश्वराच्या देवळात होते, मलाही झाले. चालुक्यकालीन घडणीचे, एका सभामंडपाला तीन गाभारे असलेले हे देऊळ लोक सरसकट हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री पंडित तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील यादवांचा प्रधान, त्याच्या फार आधी ही शैली आमच्या भागात परिपक्व झालेली होती, परंतु लोकांनी दिलेले नाव मोडून काढण्याचा मला उत्साह नाही. अशा देवळांपुढे उभे राहून बाह्यभिंतीवरच्या सुरसुंदरींची वाखाणणी सर्वच करतात. माझी दृष्टी मात्र खांबांच्या माथ्यावर छताचा भार तोलणाऱ्या बुटक्या कीचकांकडे अधिक गेली. हे छताखालचे हमाल. त्यांचे काम एकच आणि शरीरयष्टीही एकच, म्हणून शिल्पकाराला तेथे मोकळीक असावी: कोणी दात विचकतो, कोणी गाल फुगवतो, कोणी चारांपैकी दोन हात छताला लावून उरलेल्या दोहोंनी शंख वाजवतो, आणि एखादा तर इतक्या प्रसन्न मुद्रेचा असतो की याने भार टाकून दिला आहे हे छताला अजून कळलेले नाही, असे वाटावे. हरगौरीच्या मूर्तीपाशीही असाच खेळ असतो. शंकराचा नंदी सर्वांना अपेक्षित, पण गौरीचे वाहन म्हणून पायथ्याशी कोरलेली घोरपड प्रथम पाहताना मी दचकलो होतो.

आमच्या भागातील अशाच एका पडक्या देवळात मी एका वृद्ध पाथरवटाला बरोबर नेले. जाती, पाटे-वरवंटे यांना टाकी लावीत तो गावोगाव फिरे. मूर्तींकडे त्याने पाहिलेही नाही. खांबावरच्या गोल वलयांवरून बोटांची पेरे फिरवीत तो म्हणाला, “हे टाकीचं काम न्हाई साहेब, हे फिरवून घासल्यालं हाय.” मीही बोट फिरवले. वलयाच्या खाचेत केसाएवढ्या सूक्ष्म रेषा एकमेकींना समांतर आणि अखंड जाणवत होत्या. चालुक्यांच्या काळी दगडी खांब चरकावर फिरवून कातीत असत हे मी नंतर पुस्तकात वाचले. त्या निरक्षर मनुष्याने ते बोटाने वाचले होते. त्या दिवसापासून वस्तू कोणत्या काळातील हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर टाकला. ती कोणत्या हत्याराने केली हा पहिला.

हा प्रश्न घेऊन खरोशाला गेले पाहिजे. निलंग्याहून औशाकडे जाताना वाटेजवळच्या टेकडीत ही लेणी आहेत, सामान्यतः सहाव्या शतकातील मानली जातात, आणि जेम्स बर्जेसने १८७५-७६च्या हंगामात निजामी मुलुखातील प्राचीन वास्तू पाहिल्या तेव्हा ती पाहून १८७८च्या अहवालात त्यांचे वर्णन केले. आमच्याकडे ती पांडवांनी एका रात्रीत कोरली, कोंबडा आरवला म्हणून अपुरी राहिली. वेरूळ पाहून आलेला मनुष्य येथे निराश होतो: मूर्ती फुगीर, अवयव बोथट, चेहरे विरघळलेले. कारण दगड. ही टेकडी जांभ्याची आहे. जांभा ताजा कापला असता मऊ असतो आणि वाऱ्या-उन्हाने कठीण होतो, म्हणून गुहा झरझर खोदता येते. पण त्याच्या अंगाला छिद्रे असल्याने नाकाची धार, बोटांची पेरे असले बारीक काम तो ठेवीत नाही. बेसाल्टात सवयीने मूर्ती घडवणाऱ्या हातांना या सच्छिद्र तांबड्या द्रव्याने किती छळले असेल याची कल्पना करीत मी लाकोला नावाच्या मोठ्या लेण्यात पुष्कळदा बसलो आहे. त्यांनी तपशील सोडला आणि आकारमान धरले. अंधुक उजेडात भिंतीतून पुढे येणारा नरसिंह कोरलेला वाटत नाही, उगवलेला वाटतो. वेरूळचे सौंदर्य मला मान्य आहे. आवड विचाराल तर खरोशाच्या ओबडधोबडपणाच्या बाजूने मी मत देईन.

रजेच्या दिवसांत तालुक्याची हद्द ओलांडून मी लांब गेलो, परंतु फार लांब नव्हे. ज्या प्रदेशाच्या एका बाजूला तेर आणि दुसऱ्या बाजूला बिदर, त्याला काशी-रामेश्वर करण्याची निकड नसते. तेरच्या त्रिविक्रम मंदिरापुढे मी गेलो तेव्हा देवळाला हत्तीची पाठ आहे असे प्रथम वाटले. विटांनी बांधलेले, मागे अर्धवर्तुळाकार, वर गजपृष्ठाकार छप्पर. हेन्री कझिन्सने विसाव्या शतकाच्या आरंभी ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असल्याचे ओळखले. देव बदलले, छप्पर बदलले नाही. त्याच गावी रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर वेचलेल्या वस्तूंचे संग्रहालय आहे, आणि त्यातील ज्या चिजेपुढे मी मूल झालो ती म्हणजे पाण्यावर तरंगणारी वीट. मातीत भाताचे तूस मिसळून भाजले की तूस जळून जाते आणि वीटभर पोकळ्या राहतात. हलकी वीट शिखरासाठी वापरली की खालच्या भिंतींवरचा भार उतरतो. म्हणजे जादू नाही, हिशेब आहे. तथापि हिशेब समजल्याने वीट बुडू लागत नाही, आणि समजल्यानंतरही ती तरंगताना पाहण्याची मजा तेवढीच राहते, हे मी स्वानुभवाने सांगतो.

नळदुर्गाच्या पाणीमहालाविषयी लिहू लागलो तर लेख तेथेच संपेल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत बोरी नदी किल्ल्याच्या अंतरंगात आणून तिच्यावर बंधारा घातला, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल केला. नदी भरली की नर आणि मादी या नावांच्या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते, आणि आपण महालाच्या खिडकीतून त्या धबधब्याची पाठ पाहतो. बंधारा ही लष्करी व शेतीची गरज; जिने, नक्षी, बसण्याच्या जागा ही गरज नव्हे. माझ्या खात्यात अंदाजपत्रकाबाहेरचा एक खिळा ठोकला तरी लेखापरीक्षणात ताशेरा येई. त्या सवयीने मी प्रथम विचार केला तो हा की या महालाचा खर्च कोणत्या सदराखाली घातला असेल!

येथपर्यंत जे लिहिले त्यावरून प्रत्येक विचित्रतेच्या बुडाशी काही तरी सकारण योजना असते असा माझा सिद्धान्त दिसेल. तसा तो बराच काळ होताही. अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यातील एका स्तंभशीर्षाने तो ढिला केला. तेथे चार हरणे आहेत आणि त्या चौघांत मिळून डोके एकच. ज्या हरणावर दृष्टी ठेवाल त्याचे ते होते. यात भार हलका होत नाही, दगड वाचत नाही, कोणाचा वारसा मिटत नाही. कोणा कारागिराला तो खेळ सुचला आणि त्याच्या मुकादमाने तो चालू दिला. कारण शोधण्याची खोड लागलेल्या मनुष्याला हे स्वीकारणे जड जाते. आमच्याकडे तर अकारण वस्तूला तात्काळ दंतकथा चिकटते. प्रत्येक गढीतून बिदरला जाणारे भुयार असते, आणि मोजणीवाले आले की लोक ते मोजून द्या म्हणतात. मी वाकून पाहिलेली भुयारे धान्याची पेवे निघाली.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट आमच्याकडच्या कोणालाही सांगावी लागत नाही. गणपती विसर्जन करून लोक नुकते आडवे झाले होते. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली आणि हजारो माणसे आपल्याच भिंतींखाली गेली. आमच्या भागातील घर म्हणजे चिखलात रचलेल्या दगडांच्या दोन-तीन फूट रुंद भिंती व वर मातीचे जाड माळवद. उन्हाळ्यात ते थंड राही, म्हणून आम्ही त्याची तारीफ करीत आलो होतो. आमच्या खात्यातील माणसांना पंचनाम्यांसाठी आणि पुढे नव्या गावठाणांच्या आखणीसाठी पाठवले गेले. त्या दिवसांत मी छंदाची वही उघडली नाही. पण डोळे मिटता येत नव्हते, आणि जे दिसले ते असे की जेथे माळवदाचा भार लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर होता तेथे पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिला होता; भिंती नसलेल्या घरात कोरीव खांब, त्यांवर हस्त, त्यांवर माळवद, आणि खाली जिवंत राहिलेली माणसे. ज्या नक्षीसाठी मी त्या खांबांकडे पाहत आलो होतो ती नक्षी त्यांच्या कामाचा अल्पांश होती. या दृश्यानंतर शोभा आणि उपयोग यांचा वाद मला कोणी घालू लागला की मी उठून जातो.

बावन्न गावे नव्या जागी वसली. रेषा सरळ, चौक काटकोनी, घरे सारखी. आखणीत माझाही हात होता आणि त्या घाईत दुसरे काही शक्य नव्हते. जुने सागवान मात्र ट्रक भरभरून गेले. गणेशपट्ट्या, घोडे, पितळी फुलांचे दरवाजे मोठ्या शहरांतील हौशी दिवाणखान्यांत पोहोचले असतील. पोटाची गरज असताना विकणाऱ्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. काही वर्षांनी एका पुनर्वसित गावात गेलो तेव्हा एका घरापुढे जुन्या वाड्याचा दिंडी-दरवाजा एकटाच उभा दिसला. दोन्ही बाजूंना भिंत नव्हती, कुंपणही नव्हते. घरधनी येता-जाता त्याची कडी काढी आणि लावी. मी विचारले, “काका, बाजूनं जाता येतंय की.” ते म्हणाले, “जाता येतंय. पर घरात दारातून यावं.” माझ्या वहीत स्थापत्यावरचे यापेक्षा नेमके भाष्य नाही.

मोठेपणाच्या दोन वस्तू शेवटी सांगतो, कारण त्यांनी माझ्या मोजणीची परीक्षा घेतली. नांदेड जिल्ह्यातील कंधारजवळ मानसपुरीस राष्ट्रकूटकाळातील क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे तुकडे आहेत. पावलाचा भाग पाहिला की शिल्पशास्त्रातील तालमान आठवते, तोंडाच्या लांबीवरून सबंध देहाचे प्रमाण, आणि मनुष्य आपोआप गुणाकार करू लागतो. मूर्ती पन्नास फुटांहून उंच असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ती अखंड पाहण्याचे भाग्य आता केवळ अंकगणिताला आहे. दुसरी वस्तू आमच्या निलंग्याचीच. २०१९च्या शिवजयंतीला मंगेश निपाणीकर या चित्रकाराने सुमारे सहा एकरांच्या शेतात हिरवळ उगवून शिवछत्रपतींची प्रतिमा सिद्ध केली. सहा एकर म्हणजे दोनशे चाळीस गुंठे. माझ्या हिशेबी एका मध्यम शेतकऱ्याची जमीन. मी निवृत्त मनुष्य काठीच्या आधाराने बांधावर गेलो तर मला गवताचे पट्टे आणि मधली काळी माती दिसली, महाराज दिसले नाहीत. नातवाने मोबाईलवर आकाशातून घेतलेले चित्र दाखवले तेव्हा दिसले. माझे एक समवयस्क म्हणाले, एवढ्या रानात हरभरा झाला असता. झाला असता. परंतु ज्याचे बीज पेरावे लागते, ज्याला पाणी पाजावे लागते आणि जे काही दिवसांत वाळून जाणार हे ठाऊक असते अशा चित्रासाठी आमच्या काळ्या मातीइतका योग्य कागद दुसरा नव्हता, आणि जन्मभर जे शेत मी वरून पाहिल्यासारखे नकाशावर काढीत आलो ते एकदा खरोखर वरून पाहण्यासारखे झाले, याचा मला हरभऱ्याहून अधिक आनंद आहे.

आता वाचकांकडे एक मागणे आहे, आणि ते निमतानदाराचे असल्यामुळे रुक्ष आहे. आपल्या गावी वाडा पाडला जात असेल तर पाडण्यापूर्वी एक सकाळ काढून दरवाजाच्या चौकटीची लांबी-रुंदी, खांबांची संख्या आणि पट्टीवरचा मजकूर कागदावर उतरवून घ्यावा. मोबाईलने छायाचित्र घ्यावे, पण शेजारी फूटपट्टी ठेवून. शेतात कोरीव दगड निघाला तर त्याला ऑइल पेंट लावू नये. तो शक्यतो हलवू नये, आणि नांगराला आड येतो म्हणून हलवावाच लागला तर कोणत्या गावच्या कोणत्या गटातून, बांधापासून किती फुटांवरून उचलला ते लिहून ग्रामपंचायतीत किंवा शाळेत ठेवावे. पुष्कळ वीरगळी मी पाहिल्या, आणि त्यांपैकी बहुसंख्य मूळच्या कोठल्या हे आज कोणालाही सांगता येत नाही.